बदकाची तंगडी, डाळिंबाचा पाक आणि घट-तुटीचा हिशेब

या पानावर आम्ही एरवी सूत, मागावरचे कापड, उधारी आणि बाजारभाव यांविषयी लिहितो. आजचा विषय स्वयंपाकघरातला आहे. काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु आपल्या समाजातील अनेक भगिनी घरून दावतीच्या ऑर्डरी घेतात. त्यांचे स्वयंपाकघर हेच त्यांचे दुकान आहे. दुकानात जसा माल, मजुरी आणि घट यांचा हिशेब चुकला की भांडवल बुडते, तसेच चुलीवरही बुडते. आमच्या घरात हे प्रत्यक्ष घडले, म्हणून लिहितो.

आमच्या आपांच्या हाताला चव आहे. बिर्याणी, कोरमा, शामी कबाब या जिनसांचा त्यांना वर्षानुवर्षांचा तजुर्बा आहे. आमच्या ओळखीच्या एका जुन्या ग्राहकाच्या घरी दावत होती. परदेशातून परतलेल्या मुलाने फर्माईश केली की, ओव्हनमध्ये भाजलेल्या आणि वर फळाचा पाक चढवलेल्या बदकाच्या बारा तंगड्या हव्यात. आपांनी होकार दिला आणि भावही सांगून टाकला. नंतर आम्हाला म्हणाल्या, "भाई, मी तर कोंबडीच्या हिशेबाने भाव सांगितला. बदक म्हणजे मोठी कोंबडीच ना?"

बदक म्हणजे मोठी कोंबडी नव्हे, हे दावतीच्या दिवशी कळले. बाजारात सुट्या तंगड्या मिळाल्या नाहीत, म्हणून सहा अख्खी बदके घ्यावी लागली. तंगड्या दोन खेपांत भाजायच्या होत्या. पहिल्या खेपेला पाक सुरुवातीलाच चोपडला. तासाभरात सहा तंगड्या वरून कोळशासारख्या काळ्या झाल्या, आत मात्र मांस चिवटच राहिले. त्या वेळी दुसरी बदके कोठून आणणार? सहा तंगड्या आणि सहा कोंबडीच्या तंगड्या पाठवल्या, अर्धे पैसे परत केले आणि माफी मागितली. ग्राहक भला माणूस, काही बोलला नाही. पण दिलेली जबान गेली ती गेली. त्यानंतर आम्ही आणि आपा तराजू, वही आणि घड्याळ घेऊन बसलो आणि चार-पाच वेळा ही जिन्नस घरच्यांसाठी केली. त्यातून जे हाती आले ते पुढे देत आहोत.

बदक आणि कोंबडी यांतील फरक

बदक हा पाण्यात राहणारा पक्षी. थंड पाण्यात शरीराची ऊब टिकावी म्हणून त्याच्या कातडीखाली चरबीचा जाड थर असतो. कोंबडीला एवढा थर नसतो. दुसरे असे की, तंगडी हा सतत काम करणारा अवयव असल्याने तिच्यात सांध्याभोवती चिवट तंतू फार असतात. छातीचे मांस थोड्या वेळात शिजते. तंगडीचे तसे नाही. हे तंतू मंद आचेवर दीड-दोन तास राहिले म्हणजेच विरघळून मऊ, चिकट रस होतात. मांस खाण्यास सुरक्षित होण्यासाठी आतील उष्णता 74 अंश सेल्सिअसपर्यंत जावी लागते. परंतु तंगडी मऊ होण्यासाठी ती 85 ते 90 अंशांपर्यंत न्यावी लागते, आणि तेही सावकाश.

म्हणजे तंगडीत दोन कामे व्हायला हवीत. चरबी वितळून बाहेर आली पाहिजे आणि तंतू मऊ झाले पाहिजेत. दोन्हींना वेळ लागतो. उलट फळाच्या पाकात साखर असते. फळातील आणि मधातील साखर तर लवकर लाल होते आणि लवकर करपते. दोन तासांच्या मांसावर दहा मिनिटांचा पाक सुरुवातीलाच चढवला, तर जे आमच्याकडे झाले तेच होणार.

कापडवाल्यांना ही गोष्ट एका वाक्यात समजेल. कोऱ्या सुती कापडावर मागावरची कांजी असते आणि कापसाचे नैसर्गिक मेण असते. आधी कांजी काढतात, मग कॉस्टिक सोड्यात उकळून मेण काढतात, आणि त्यानंतरच कापड रंगात जाते. मेण राहिले तर रंग नीट धरत नाही, डाग पडतात. बदकाच्या चरबीचेही तसेच आहे. ती निघाल्याशिवाय पाक चढवू नये. तुपकट कातडीवर पाक टिकत नाही, ओघळून ट्रेमध्ये पडतो आणि तेथे जळतो.

आपांचे म्हणणे होते की, चीनच्या पेकिंग बदकाला भाजण्यापूर्वीच पाक लावतात, हे त्यांनी पाहिले आहे. ते खरे आहे. पण तो पाक धान्यापासून केलेल्या माल्टोजचा असतो. तो पाण्यात पातळ करून लावतात, आणि मग अख्खे बदक टांगून बराच वेळ हवेवर सुकवतात. माल्टोज फळाच्या साखरेइतका लवकर करपत नाही. दाट डाळिंबाचा किंवा संत्र्याचा पाक ही वेगळी जिन्नस आहे.

आंबटगोड कशासाठी

बदकाचे मांस तुपकट आणि गडद चवीचे असते. त्याला आंबटपणाची जोड लागते. फ्रान्समध्ये बदक आणि संत्रे ही जोडी प्रसिद्ध आहे, आणि त्यासाठी मूळचे संत्रे गोड नसून कडवट-आंबट जातीचे असते. इराणच्या उत्तरेला, कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात, वाटलेले अक्रोड आणि डाळिंबाचा रस यांत बदक शिजवतात. त्या सालनाला फेसेंजान म्हणतात. डाळिंबाचा रस आटवून केलेला दाट अर्क इराणी घरांत बाटल्या भरून ठेवलेला असतो.

डाळिंब आपल्याला परके नाही. सोलापूर, सांगोला, नाशिक हा डाळिंबाचाच मुलूख. म्हणून आम्ही संत्र्याऐवजी डाळिंबाचा पाक निवडला. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे बाजारात जास्त करून मिळणारा भगवा वाण गोड आहे, त्यात आंबटपणा कमी. नुसता त्याचा रस आटवला तर तो मुरंब्यासारखा गोड लागतो आणि बदकाची चरबी तोंडात जाणवत राहते. त्यात लिंबू घालावेच लागते.

हलाल-हरामचा प्रश्न

बदक हलाल आहे. परंतु काहींचा असा समज असतो की, ते पाण्यात राहते म्हणून मासळीप्रमाणे झबीहाशिवाय चालेल. हा समज चुकीचा आहे. बदक हा पक्षी आहे, त्याला झबीहा लागतोच. अख्खे बदक ओळखीच्या कसायाकडून समोर झबह करून घ्यावे. गोठवलेला माल घेताना पाकिटावरील हलालची खूण पाहावी. आखातात राहणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना मोठ्या दुकानांत गोठवलेले बदक मिळते, पण तेथेही पाकीट वाचून घेण्यास आळस करू नये.

दुसरी गोष्ट पाकाची. परदेशी कृतींत संत्र्याच्या पाकात मद्य किंवा संत्र्याची दारू घालतात. शिजवताना सारे अल्कोहोल उडून जाते, असे सांगितले जाते. ते खरे नाही, अर्धा तास उकळूनही त्यातील बराचसा अंश उरतो. शिवाय दारू पदार्थात घालणेच आपल्याला वर्ज्य आहे. तयार पाकाची बाटली विकत घेतली तर तिच्यावरील घटकांची यादी वाचावी. घरी पाक करणे सर्वांत बरे.

तिसरी गोष्ट कायद्याची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, तेव्हापासून मुर्गाबी हा शब्द ओळखीचा आहे. जुन्या शिकारीच्या गोष्टींत ती असायचीच. परंतु मुर्गाबी म्हणजे रानबदक, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार तिची शिकार व विक्री हा गुन्हा आहे. कोणी तळ्यावरची मुर्गाबी आणून देतो म्हणाला तर घेऊ नये. पाळीव बदकच घ्यावे.

साहित्य

चार तंगड्यांचे प्रमाण देत आहोत. तंगडी म्हणजे मांडी आणि पाय एकत्र, प्रत्येकी सुमारे 240 ग्रॅम. मीठ 15 ग्रॅम, म्हणजे सपाट अडीच चमचे. काळी मिरी पूड एक चमचा, दालचिनी पूड चिमूटभर.

पाकासाठी डाळिंबाचा गाळलेला रस 500 मिलिलिटर. त्यासाठी पाच मोठी डाळिंबे लागतात. गूळ 20 ग्रॅम, दीड लिंबाचा रस, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, एक सुकी मिरची. दाणे मिक्सरमध्ये दोन-तीन वेळाच फिरवावेत. जास्त फिरवले तर बिया भरडल्या जाऊन रस तुरट-कडवट होतो.

कृती

आदल्या रात्री तंगड्या कागदाने किंवा स्वच्छ फडक्याने कोरड्या कराव्यात. दाभणाने कातडीला ठिकठिकाणी टोचावे, म्हणजे चरबीला बाहेर येण्यास वाट मिळते. टोचताना दाभण तिरके धरावे. ते कातडी आणि चरबीपर्यंतच जावे, मांसात जाऊ नये. मीठ-मसाला चोळून तंगड्या ताटात, न झाकता, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवाव्यात. उघड्या ठेवल्याने कातडी सुकते आणि पुढे कुरकुरीत होते. कच्चे मांस हाताळल्यावर हात, सुरी आणि पाट साबणाने धुवावेत. नोव्हेंबर 2014 मध्ये केरळच्या कुट्टनाड भागात बदकांत बर्ड फ्लूची साथ आली होती आणि पुढेही ती तेथे परतली आहे. पूर्ण शिजलेल्या मांसात हा विषाणू राहत नाही. काळजी घ्यायची ती कच्च्या मांसाची.

दुसऱ्या दिवशी ओव्हन 150 अंशांवर तापवावा. ट्रेमध्ये पेलाभर पाणी घालून वर जाळी ठेवावी आणि जाळीवर तंगड्या, कातडी वरच्या बाजूला, मांडाव्यात. पाण्यामुळे गळणारी चरबी जळून धूर होत नाही. असे पावणेदोन ते दोन तास ठेवावे. मधे एकदा पाणी आटले का ते पाहावे. सुरी मांडीत सहज शिरली आणि हाडावरून मांस मागे सरकू लागले म्हणजे तंगडी झाली. घाई करून उष्णता वाढवू नये.

तोवर पाक करावा. रस, गूळ, आले आणि मिरची स्टीलच्या भांड्यात मध्यम आचेवर ठेवावे. आंबट रसासाठी ॲल्युमिनियमचे किंवा बिनकल्हईचे पितळी भांडे वापरू नये. सुमारे अर्ध्या तासात रस आटून 150 मिलिलिटरपर्यंत येतो. चमचा बुडवून काढावा आणि त्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढावी. रेघ तशीच राहिली तर पाक झाला. गार झाल्यावर तो आणखी दाट होतो, म्हणून थोडा आधीच उतरवावा. आले-मिरची काढून टाकावी. लिंबाचा रस उतरवल्यानंतर घालावा. अर्धा पाक लेपासाठी, अर्धा पानात वाढण्यासाठी ठेवावा.

तंगड्या मऊ झाल्या की ट्रे बाहेर काढून चरबी आणि पाणी एका भांड्यात ओतावे. ओव्हन 200 अंशांवर न्यावा. तंगड्या प्रथम पाकाशिवाय दहा मिनिटे ठेवाव्यात, म्हणजे कातडी कोरडी व कुरकुरीत होते. मग पाकाचा पातळ हात द्यावा आणि पाच मिनिटे ठेवावे. दुसरा पातळ हात देऊन पुन्हा पाच मिनिटे. एकच जाड थर देऊ नये. तो वरून करपतो आणि खाली ओलाच राहतो. या शेवटच्या दहा मिनिटांत ओव्हनसमोरून हलू नये, टेलिफोन आला तरी. बाहेर काढून दहा मिनिटे विसावू द्यावे आणि मग वाढावे.

ओव्हन नसेल त्यांनी जाड बुडाचे पातेले घ्यावे. गार पातेल्यात तंगड्या कातडी खाली करून ठेवाव्यात आणि मंद आच लावावी. चरबी सुटू लागते. मग उलटून, अर्धी वाटी पाणी घालून, झाकण लावून, पातेल्याखाली तवा ठेवून दमावर दीड ते दोन तास शिजवावे. शेवटी चरबी ओतून काढावी, कातडी पुन्हा खाली करून कुरकुरीत करावी आणि आच अगदी कमी करून पाक दोन हातांनी लावावा. चव तीच येते, चकाकी थोडी कमी.

एक इशारा द्यायलाच हवा. तापलेल्या चरबीने पेट घेतला तर तीवर पाणी टाकू नये, भडका उडतो. आच बंद करून झाकण ठेवावे. ओव्हनमध्ये असेल तर बटण बंद करून दार लावूनच ठेवावे.

वहीतला हिशेब

आता या पानाचा खरा विषय. आमच्या तराजूवर 240 ग्रॅमची कच्ची तंगडी भाजून सुमारे 160 ग्रॅम भरली, तीही हाडासकट. म्हणजे तिसरा हिस्सा घट. कापड आटते हे माहीत असलेला शिंपी आधीच जास्त कापड मागतो. भाजलेले बदक किलोच्या भावाने विकणाऱ्याने ही घट विसरू नये. आमचा सल्ला असा की, भाव नगावर सांगावा.

पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजाराचा भाव घालावा. समजा, साफ केलेले 1600 ग्रॅमचे बदक 800 रुपयांना पडले. दोन तंगड्यांचे वजन 480 ग्रॅम. वजनाच्या हिश्श्याने त्यांची किंमत 240 रुपये, म्हणजे एका तंगडीचे 120 रुपये. त्यात डाळिंबाचे 25 आणि वीज-मसाल्याचे 15 धरले तर 160 रुपये झाले. बारा तंगड्यांचे 1920. बारांतील एखादी करपणार किंवा फाटणार असे धरून ही रक्कम अकरांवर वाटावी. नगाला 175 रुपये येतात. मेहनत आणि नफा मिळून पंचवीस टक्के चढवले तर भाव 220 रुपयांच्या जवळ जातो. ज्याने 160 च्या आत भाव सांगितला, त्याने खिशातून घातले.

परंतु याहून मोठा खड्डा पुढे आहे. बारा तंगड्यांसाठी सहा बदके, म्हणजे 4800 रुपये लागले. तंगड्यांच्या हिश्श्याला 1440 आले. उरलेले 3360 रुपये छाती, पाठ आणि पंख यांच्या रूपाने फ्रिजमध्ये पडले. ग्राहकाने तीन मीटर मागितले म्हणून अख्खा तागा फाडायचा आणि उरलेला तुकडा कपाटात ठेवायचा, असा हा प्रकार झाला. परदेशात तंगड्या आणि छाती वेगवेगळ्या विकल्या जातात, म्हणून तेथील कृती वाचून हा खर्च ध्यानात येत नाही. पश्चिम बंगाल, आसाम आणि केरळ ही बदकांची मोठी राज्ये. आपल्याकडे बदक कमी येते आणि येते ते बहुधा अख्खेच. म्हणून उरलेल्या मालाला गिऱ्हाईक असल्याशिवाय नुसत्या तंगड्यांची ऑर्डर घेऊ नये.

चरबीचेही सांगतो. चार तंगड्यांची वाटीभर चरबी निघते. पाण्यावर तरंगणारी चरबी फ्रिजमध्ये घट्ट झाली की काढून घ्यावी, वितळवून गाळावी आणि बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावी. बटाटे परतण्यास ती उत्तम. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी बेताने खावी. मात्र हिशेबात तिची किंमत जमेला धरू नये. विकली गेली तर बरकत समजावी.

आणि घरून पदार्थ विकणाऱ्यांनी अन्नसुरक्षा कायदा, 2006 खालील नोंदणी करून घ्यावी. ग्राहकाकडून अर्धी रक्कम बयाणा म्हणून आधी घ्यावी. बदक ऐन वेळी मिळत नाही, ते आधी सांगून ठेवावे लागते आणि पैसे आपले अडकतात.

आपांनी त्यानंतर आठ माणसांच्या दावतीची ऑर्डर घेतली. या वेळी त्यांनी तंगड्यांचा भाव सांगितलाच नाही. चार बदकांचा एकत्र भाव सांगितला. आठ भाजलेल्या तंगड्या डाळिंबाच्या पाकासह, छातीच्या मांसाचे सालन, आणि हाडांच्या यखनीचा पुलाव. चारही बदके त्याच दस्तरख्वानावर संपली, फ्रिजमध्ये काही उरले नाही. पाक शेवटच्या दहा मिनिटांत चढवला आणि एकही तंगडी करपली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीत जमा आणि खर्च लिहून आम्हाला दाखवला. नफा फार मोठा नव्हता, पण खरा होता. आता पहिल्या ग्राहकाकडे स्वतःहून जाऊन, त्या सहा तंगड्या पदरच्या खर्चाने पोहोचवण्याचा त्यांचा इरादा आहे. आम्हीही त्याला दुजोरा दिला आहे. व्यापारात गेलेला पैसा परत येतो. जबान मात्र आपण जाऊन परत आणावी लागते.